उलटपक्षी राहिलं

त्या कारकुनाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि त्याचे आभार मानायचेही राहून गेलेत. एम.ए.चा बहिःस्थ अर्ज भरायला मी महाडला गेले होते. विषय तत्त्वज्ञान, आणि त्यात एक पेपर आपल्या आवडीचा. कारकुनाने माझं आडनाव वाचलं, मान वर न करता 'बौद्ध तत्त्वज्ञान'पुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाला, तुमचं हेच असणार. खरं तर माझं तेच होतं. घरून तेच ठरवून निघाले होते. पण माझं ठरलेलं दुसऱ्या कुणी ठरवून टाकलं की माझं डोकं फिरतं. हा स्वभाव आबांकडून आलाय असं आई म्हणते आणि आईकडून आलाय असं आबा. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, खूण खोडली आणि यादीतल्या वरच्या ओळीपुढे दुसरी केली. बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाडीवर बसले तेव्हा कुठे पोचपावतीवर वाचलं, आपण काय घेतलंय ते. 'मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान : शाखा आणि पद्धती.'

परत जाऊन बदलून घेता आलं असतं. पण त्या माणसापुढे? पाच वर्षं नापास झाले असते तरी गेले नसते.

मी पोलादपूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची बौद्धवस्ती रस्त्याला लागून आहे, आणि आमचं घर त्यातलं पहिलं. आबा, म्हणजे माझे वडील, महाडला ट्रकच्या गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत, शिवाय वस्तीच्या मंडळाचे वीस वर्षं सचिव. त्या संध्याकाळी मी भीतभीत पावती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "खोडलंस ना? मंग आता पास हो." आई मात्र रात्रीच्या जेवणात दोन वेळा म्हणाली की कारकून बिचारा काय वाईट बोलला होता.

पुस्तकं कुठेच मिळेनात. पोलादपुरात मिळणार नव्हतीच, महाडच्या दुकानदाराने तर मला दहावीचं गाईड दाखवलं. मग कुणीतरी सांगितलं की औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला परप्रांतातल्या कामगारांसाठी एक छोटं प्रार्थनाघर आहे, तिथे एक म्हातारे फादर राहतात, त्यांना विचार. फादर वसईकडचे निघाले, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तीस वर्षं त्यांनी धर्मगुरू होणाऱ्या मुलांना हाच विषय शिकवला होता आणि निवृत्त होऊन इथे आल्यापासून त्यांना त्याबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं. मी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं राग आला. आले ते पत्र्याची ट्रंक ओढत, आणि ट्रंकेत त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेल्या वह्या होत्या, वाळवीने कडेकडेने खाल्लेल्या. मला ते पहिल्या दिवसापासून बाई म्हणाले. शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार, असं त्यांचं मत होतं.

शाखा त्यांनी मला गोळ्यांच्या डबीवर शिकवल्या. म्हातारपणी आठवड्याची औषधं ठेवायची सात खणांची प्लॅस्टिकची डबी असते ना, ती. सोमवार तर्कशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं पचत नाही. मंगळवार ज्ञानशास्त्र, आपल्याला कळतं म्हणजे काय होतं. बुधवार सत्ताशास्त्र, असणं म्हणजे काय. गुरुवार जग, शुक्रवार आत्मा, शनिवार नीती, आणि रविवार ईश्वरविचार. प्रत्येक खण उघडून ते गोळी हातात घेत, मुद्दा सांगत आणि बोलण्याच्या भरात ती तोंडात टाकत. बुधवारपर्यंत आल्यावर मी त्यांचा हात धरला. त्यानंतर आम्ही रिकामी डबी वापरायला लागलो.

रविवारी सकाळची त्यांची प्रार्थना आटपली की मी दुपारी जायची. पण विषयापेक्षा अवघड होती ती पद्धत. त्या परंपरेत कुठलाही प्रश्न घेतला की आधी विरुद्ध बाजू मांडायची. आपल्याला 'आहे' म्हणायचं असेल तर सुरुवात करायची, 'असं वाटतं की नाही', आणि त्याची कारणं द्यायची. तीही लेचीपेची नाही. फादरांचा नियम होता की समोरच्याचं म्हणणं असं सांगा की त्याने मान हलवून म्हटलं पाहिजे, हो, हेच मला म्हणायचं होतं. मग 'उलटपक्षी' म्हणून एक वाक्य टाकायचं. मग 'यावर माझं उत्तर'. आणि शेवटी एकेका आक्षेपाला परत जाऊन फेड करायची. हे सगळं पाठ करायचं, आणि मोठ्याने. मनात म्हटलेलं तर्कशास्त्र लबाडी करतं, असं फादर म्हणत. आवाज केला की चूक ऐकू येते.

ह्या पद्धतीने माझं वाटोळं केलं. शाळेत शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले की सहल शिवथरला न्यावी, तर मी उठून आधी त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडली, मग 'इथे फरक करावा लागेल' म्हणाले आणि सहलीचे दोन प्रकार पाडले. सहल गेली हिरकणीवाडीला आणि मला न्यायला विसरले. घरी आईने विचारलं, भाकरी झाली का. मी म्हटलं, झाली म्हणजे कुठल्या अर्थाने? पीठ हे तिचं उपादान, गोल हा तिचा आकार, मी तिची कर्ती, आणि खाणं हे तिचं प्रयोजन. तीन कारणं हजर आहेत, चौथं अजून व्हायचंय. आई म्हणाली, चौथं आज होणार नाही, आणि ताट उचलून आत नेलं. त्या दिवशी मी उपाशी शाळेत गेले. चूक तिची नव्हती, हे मला मधल्या सुट्टीत पटलं.

पाठांतर मी सकाळी सहाला करायची, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून, पाठ खिडकीकडे. आबा त्याच वेळी आरशापुढे दाढी करत. आम्ही ईश्वराच्या खणापर्यंत पोचलो तेव्हा पहिलाच प्रश्न होता, ईश्वर आहे का. पद्धतीप्रमाणे मी खणखणीत आवाजात सुरू केलं : असं वाटतं की ईश्वर नाही. कारण पहिलं, जगात दुःख आहे. ईश्वर म्हणजे अंत नसलेला चांगुलपणा, आणि तो असता तर दुःखाला जागा उरली नसती, पण दुःख तर आहे. कारण दुसरं, जगात जे घडतं ते जगाच्या आणि माणसाच्या स्वभावाने घडतं, मग आणखी कुणाला मध्ये आणायचं कशाला?

आबांचा वस्तरा थांबला. अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच ठेवून ते वळले आणि म्हणाले, "हे ख्रिस्ती लोकांच्या पुस्तकात हाय?"

मी म्हटलं, आहे.

"दुःख हाय, हे तर आपलं पहिलं वाक्य." त्यांचा चेहरा असा उजळला होता की पुढचं बोलायला माझी जीभ वळेना. तेवढ्यात बाहेर टमटमचं इंजिन सुरू झालं, चालकाने 'महाड, महाड, चला निघाली' अशी आरोळी ठोकली, आणि आबांनी घाईघाईने तोंड धुतलं, डबा उचलला आणि गेले. ते गेल्यावर मी 'उलटपक्षी' म्हटलं.

मी त्याच दिवशी संध्याकाळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट दुसऱ्या दिवसापासून वेळ बेतायला लागले. दाढीच्या वेळी आक्षेप, टमटमची आरोळी झाली की उत्तर. आबा रोज दोन आक्षेप ऐकून खुशीत कामाला जात, आणि त्यांच्या मागे मी एकेक करून ईश्वर असल्याची पाच कारणं सिद्ध करी. पहिलं कारण गतीचं होतं. फादरांनी लाकूड आणि विस्तवाचं उदाहरण दिलं होतं, पण मला ते जमेना, म्हणून मी आबांच्या गॅरेजमधलं घेतलं : बॅटरी उतरलेला ट्रक दुसऱ्या ट्रकने ढकलला, तो दुसराही बंद, त्याला तिसऱ्याने ढकललं, असे कितीही ट्रक लावा, कुठेतरी एक स्वतः चालू असलेलं इंजिन लागतंच. वडिलांच्या पाठीमागे त्यांच्याच ट्रकांनी देव सिद्ध करायचा, म्हणजे मी किती निर्लज्ज झाले होते बघा.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला एका रविवारी प्रार्थनाघरातून बाहेर पडताना पाहिलं. ते स्वतःच्या मोटरसायकलवरून चालले होते. तालुक्यात मान असलेला माणूस, मनाने वाईट नाही, पण धम्माच्या बाबतीत कडक. तीन आठवडे त्यांनी माझ्यावर लक्ष ठेवलं आणि मग मंडळाच्या बैठकीत विषय काढला. सचिवांची मुलगी दर रविवारी पाद्र्याकडे जाते. वस्तीतल्या मुलांचा धम्मवर्ग तीच घेते. उद्या मुलं काय शिकतील? आणि जिची स्वतःचीच वाट चुकली तिच्या बापाने सचिव म्हणून वंदनेला पुढे उभं राहावं का, असंही ते म्हणाले. वीस वर्षांत आबांना असं कुणी बोललं नव्हतं.

मी बायकांच्या रांगेत बसले होते. आबा उठले. ते शांतपणे म्हणाले की पोरगी ज्या पुस्तकातून शिकते त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, दुःख आहे आणि देव नाही. आपण रोज कानांनी ऐकतो. संशय असेल त्याने विचारावं.

मी मान खाली घातली. वस्तीतले सगळे गप्प होते. भाजी घेऊन रोज महाडला जाणारी आमची मावशी, कारखान्यातली दोन पोरं, नगरपालिकेत झाडकाम करणारे काका, कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, सगळे आबांचा मान ठेवतायत. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, मग पुढच्या रविवारी संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात बाईंनी सगळ्यांसमोर सांगावं, काय शिकतात ते. आणि त्या पाद्रीबाबांनाही बोलवा, म्हणजे खरंखोटं समोरासमोर होईल.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. दोन्ही आक्षेप सांगून खाली बसले तर आबांची अब्रू राहत होती, आणि फादरांसमोर मी अर्धवट ठरत होते. पूर्ण सांगितलं तर आबा सगळ्या वस्तीसमोर खोटे पडत होते. फादरांना मी सगळं कबूल केलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते पोट धरून हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले की तीस वर्षांत आक्षेपांना इतका चांगला श्रोता त्यांना मिळाला नव्हता. काय बोलायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते तुम्ही ठरवा, बाई, म्हणाले. बुधवारी दाढीच्या वेळी मी आबांना खरं सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "तू तुझं पाठ कर, बाय," आणि गालाला साबण लावायला लागले.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. फादर पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांना खुर्ची दिली होती ती त्यांनी नाकारली आणि नंतर पस्तावले. आबा दाराशी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात. मी उठले. आधी सात शाखा सांगितल्या, डबीसकट. लोक हसले. मग म्हटलं, आता त्यातला एक प्रश्न घेते, ईश्वर आहे का. असं वाटतं की ईश्वर नाही. दुःखाचं कारण मी आजवर इतक्या मनापासून कधी मांडलं नव्हतं. सावित्री नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरल्यावर ज्यांचं सगळं गेलं ते समोरच बसले होते, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग दुसरं कारण. अध्यक्षांची मान हलायला लागली आणि त्यांनी पहिली टाळी वाजवली. मी फादरांकडे पाहिलं नाही. आबांकडे पाहिलं. मी हात जोडले, जय भीम म्हटलं आणि खाली बसायला लागले.

तेवढ्यात भाजीवाली मावशी मागून म्हणाली, "बाय, उलटपक्षी ऱ्हायलं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मावशीने आजूबाजूला पाहिलं आणि ओशाळून पदर तोंडाला लावला. पण झाडकामवाले काका तिच्या मदतीला आले. ते म्हणाले की बरोबर आहे, आधी उलटपक्षी, मग माझं उत्तर, आणि त्यात ते ट्रक येतात धक्का मारायचे. कारखान्यातल्या एका पोराने दुरुस्ती केली की ट्रक पहिल्या कारणात येतात, एकूण कारणं पाच, चौथं त्याला अजून समजलेलं नाही. दुसरा म्हणाला, चौथं बाईंनाही नीट समजलेलं नाही, त्या तिथे दर वेळी अडखळतात. हे खरं होतं.

अध्यक्ष एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. वस्तीत स्वतःची मोटरसायकल असलेला तो एकच माणूस होता. मी उभीच राहिले, आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उतरायला लागली. टमटम आमच्या घरापुढे, माझ्या खिडकीखाली उभी राहते. चालक सव्वासहाला इंजिन सुरू करतो, आरोळी ठोकतो, लोक धावत येऊन बसतात. मग तो इंजिन बंद करून तंबाखू मळत उभा राहतो, कारण शिटा भरल्याशिवाय टमटम हलत नाही. अर्धा तास, कधी पाऊण तास. दर रविवारी मी स्वतः त्याच टमटममध्ये तशीच ताटकळत बसून चालकाच्या नावाने बोटं मोडायची. आणि एवढं तर्कशास्त्र शिकूनही, रोज सकाळी माझ्या पाठीमागे दहा माणसं गपचूप बसलेली असतात, हा निष्कर्ष मला काढता आला नव्हता. सोमवारचाच खण रिकामा होता म्हणायचा.

म्हणजे त्या बैठकीत गप्प बसलेल्या सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं. मावशीला, काकांना, पोरांना. आबा उभे राहून अर्धं सांगत होते आणि उरलेलं अर्धं माहीत असलेले दहाजण तोंड मिटून बसले होते. माझ्यासाठी. मला तिथेच रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मग मी पूर्ण सांगितलं. उलटपक्षी, उत्तर, ट्रक, पाचही कारणं, चौथ्याला अडखळून. आक्षेपांची फेडही केली. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, कारण कुणाला काही ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. फादर कसेबसे उठले. अध्यक्षांची परवानगी घेऊन ते म्हणाले की बाईंनी सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाले, "दुसऱ्या आक्षेपाला मी जोरात उत्तर देतो. पहिल्याला देताना माझा आवाज अजून बारीक होतो."

अध्यक्ष उठले, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः आणली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. धम्मवर्गाचा विषय पुन्हा निघाला नाही. चहा झाला.

घरी येताना आबा आणि मी मागे राहिलो होतो. मी विचारलं, तुम्हीही रोज त्याच टमटममध्ये बसता, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मग बैठकीत अर्धंच का सांगितलंत? आणि मला तरी का बोलला नाहीत? ते म्हणाले, "माझी बाजू मी सांगितली. तुझी तू सांगायची होतीस. ती मी कशाला सांगू?" पुढे गेल्यावर त्यांना आणखी काही आठवलं. म्हणाले की ते ट्रकचं चुकलंय, तीन बंद ट्रक एका इंजिनाने ढकलले तर क्लच जळतो, देवाचाही जळेल. मी म्हटलं, हा तिसरा आक्षेप झाला, फादरांना सांगते. त्यांना ते फार आवडलं.

सोमवारी सकाळी पाठांतराला बसले तेव्हा मला लाज वाटत होती. आत्म्याचा खण उजळायचा होता. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं, पण खिडकी उघडायचा धीर होईना. आबा दाढी करून गेले. इंजिन सुरू झालं, आरोळी झाली, इंजिन बंद झालं. मी वही मांडीवर ठेवून तशीच गप्प बसले.

थोड्या वेळाने बाहेरून मावशीचा आवाज आला. "चालू दे गो. अजून दोन शिटा बाकी हायत."